स्पर्धेचा रंग

आम्रपाली घरात आली ती थेट सोफ्याकडेच निघाली. सत्यशीलाबाईंनी तिला दंडाला धरून अडवलं.

"खबरदार! आधी चेहरा."

"आई, उद्या करू ना. जीव नाही राहिला अंगात."

"बसल्या बसल्या कर आराम. पण असल्या चेहऱ्यानं झोपायचं नाही. सकाळी पुरळ उठेल नुसतं."

शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत दिव्यांखाली स्नायू उठून दिसावेत म्हणून अंगभर दाट तपकिरी रंग लावतात आणि चेहराही त्यालाच जुळवून रंगवतात, हे बाईंना आजच कळलं. धायरीतल्या आपल्या पार्लरमध्ये त्यांनी किती नवऱ्या सजवल्या असतील, पण पोटच्या पोरीनं कधी भुवईला हात लावू दिला नव्हता. तिचा जीव जिममधल्या लोखंडात. स्पर्धेचे तोकडे कपडे पाहून तर बाईंनी अबोलाच धरला होता. आज दुपारी मात्र राहवेना, म्हणून त्या जाऊन शेवटच्या रांगेत बसल्या. आम्रपालीनं पाठ वळवून दोन्ही हात उचलले. त्यासरशी बाईंच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "माझी मुलगी आहे ती!" लोक वळून बघायला लागले, तरी त्यांना लाज वाटली नाही. पोरीचा दुसरा नंबर आला.

आता आम्रपालीनं निमूटपणे खुर्चीत मान मागे टाकली. बाईंनी तेलात भिजवलेला कापूस तिच्या पापण्यांवर ठेवला. डिंक सुटला तशा खोट्या पापण्या अलगद निघून आल्या. मग कपाळ, नाकाच्या कडा, कानामागची जागा. न रगडता, हलक्या बोटांनी. कापसाचा बोळ्यावर बोळा तपकिरी होत गेला आणि खालून पोरीचा सुकलेला, गालफडं बसलेला चेहरा वर आला.

"दुखतंय का गं?"

"नाही. छान वाटतंय."

दार उघडंच होतं. शेजारच्या गोदाकाकू डोकावल्या. "अगंबाई, काय हा रंग! काळीठिक्कर झाली की पोर!"

"रंग उतरतोय, काकू," बाई हात न थांबवता म्हणाल्या. "खांदे तेवढे उतरायचे नाहीत."

काकू आल्या पावली परतल्या. आम्रपाली इतकी हसली की बाईंना तोंड धुवायला तिला धरूनच न्यावं लागलं. चेहरा टिपून त्यांनी क्रीम लावलं, तोवर पोरीचे डोळे मिटत आले होते. जुनी चादर अंथरून त्यांनी तिला निजवलं.

मग त्यांनी फोन घेतला. पाठमोरी, हात उचललेली आम्रपाली, त्याच तोकड्या कपड्यांत. फोटो कुठेही न कापता त्यांनी नागपूरच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमची आम्रपाली." आणि कोण काय म्हणतं ते न बघताच त्या भाकरी थापायला उठल्या.