सतरा तारखेची थर्ड शिफ्ट

झोपेच्या बाबतीत निडी गावच्या हैबतरावांना कुणाकडून काही शिकायचं उरलं नव्हतं. धाटावच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं शिफ्ट केली होती. सात ते तीन फर्स्ट, तीन ते अकरा सेकंड, अकरा ते सात थर्ड, आणि दर आठवड्याला बदल. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी त्यांच्या तोंडी सकाळ-संध्याकाळ नव्हतीच. "विमलबाईची म्हैस सेकंडच्या टायमाला सुटली," असं ते सांगायचे, आणि गावालाही ते कळायचं.

म्हणून ह्यूस्टनहून मुलगी नमिता फोनवर म्हणाली, "बाबा, जेटलॅगचा फार त्रास होतो, जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात या, म्हणजे आईला सावरायला वेळ मिळेल," तेव्हा ते खो खो हसले.

"अगो, जेटलॅग म्हंजे काय? शिफ्ट बदल! तुझ्या बापानं एकतीस वर्षं पगार घेऊन जेटलॅग केलाय. लोकं तिकडं जाऊन आठवडाभर झोपतात, आमी हितूनच झोपून येतो."

"म्हणजे?"

"म्हंजे ट्रेनिंग. चौदा दिवस. सतराला निघायचं."

नमिताने वाद घातला नाही. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा आईला, सरूबाईंना, व्हिसा मिळाला नव्हता, आणि तीन दिवस मायलेकी फोन कानाला लावून एकमेकींचा नुसता श्वास ऐकत बसल्या होत्या. ह्या वेळी व्हिसा हातात होता, आणि बाळंतपणाचं ऑपरेशन वीस जानेवारीला ठरलं होतं. नमिताने आईला एकच सांगितलं होतं, "तू हात धरलास तरच मी आत जाईन. नाहीतर मला नाही जमणार."

सरूबाई त्या दिवसापासून बॅग भरत होत्या आणि परत रिकामी करत होत्या.

तिकीट काढायला दोघं पेणला गेले. तिथे सरूबाईंच्या भावाचा मुलगा विशाल, पॅनकार्डापासून विमानापर्यंत सगळं एकाच टेबलावर करून द्यायचा.

"आत्या, हे बघ," त्याने स्क्रीन फिरवली. "मधे आखातात एकदाच उतरायचं. अडीच तासांनी पुढचं विमान."

"अडीच तासांत रिलिव्हर नाय आला तर?" हैबतरावांनी विचारलं.

"कोण रिलिव्हर?"

"पुढच्या शिफ्टला येनारा. म्हंजे पुढचं विमान रे."

"काका, ते तिथंच उभं असतं."

"आनि शिफ्ट बदलली की मधे ऑफ लागतो. थर्डवरनं डायरेक फर्स्टला कोन जातो? मानूस मरंल. मोठा थांबा असलेलं काढ."

विशालने खाली, खाली, आणखी खाली जाऊन एकोणीस तासांचा थांबा असलेलं तिकीट शोधलं. असं तिकीट हौसेने कुणी काढत असेल असं त्याला वाटत नव्हतं. कंप्युटरनेही दोनदा विचारून घेतलं, नक्की ना म्हणून.

"सतरा तारीख, रात्री एक वीस. अठराला पहाटे सव्वाचारला ह्यूस्टन. आणि काका, ते तारखेचं जरा नीट ऐका, लोक तिथं..."

"तारखा मला सांगतो? एकतीस वर्षं हजेरीचा मस्टर भरलाय!"

विशालने हात जोडले आणि प्रिंट काढली.

दोन जानेवारीपासून हैबतरावांचं घर अमेरिकेला गेलं. ह्यूस्टन आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे, म्हणजे जवळजवळ उलटंच. खिडक्यांना गोधड्या लागल्या. सकाळी सातला रात्रीचं जेवण, नऊला अंथरूण, संध्याकाळी साडेपाचला उठून दात घासायचे. दुपारचं जेवण मध्यरात्री.

तिसऱ्या रात्री शेजारच्या विमलबाई दारात आल्या. "काय गो सरू, रातचे बाराला बोंबील भाजतेस? माझी नातवंडं उठून जेवायला मागतात!"

"मी नाय गो, अमेरिका भाजते," सरूबाई म्हणाल्या.

दिवसा घर बंद बघून गावाला वाटलं, हैबतराव आजारी आहेत. चौघे शहाळी घेऊन भेटायला आले, तर आतून आवाज आला, "रातची या!" त्यावरून आजार डोक्याचा आहे, एवढं गावाला समजलं.

रोह्याच्या बाजारात न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या हैबतरावांचा डोळा लागला, मान कलली आणि अर्धी मिशी गेली. मग उरलेली अर्धीही काढावी लागली. सरूबाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेल्या आणि तिळगूळ हातात धरून भिंतीला टेकून झोपल्या. बायका येत गेल्या, त्यांच्या कपाळाला कुंकू लावत गेल्या, ह्यांना पत्ता नाही. घरी आल्या तेव्हा नाकापर्यंत लाल होत्या.

"ह्याला म्हनतात शरीर वळायला लागलं," हैबतराव खूश झाले.

"मेलं वळतंय!" सरूबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षांत तुमाला तरी कवा शिफ्ट लागू पडली? रविवारी ताटात डोकं टेकून झोपायचा. मी आमटी पुसायची."

दिवसा झोपायचं म्हणून फोनचा आवाज बंद असायचा. सोळा तारखेला संध्याकाळी उठून हैबतरावांनी फोन पाहिला, तर विमान कंपनीचा मेसेज. तुमचं विमान आज रात्री आहे, तीन तास आधी या.

"आज?" ते हसले. "कुनी जनरल शिफ्टवाल्यानं टाकला असंल. दिवसा काम करनाऱ्याला रातची तारीख कळत नाय."

रात्री बारा वाजता सरूबाईंनी वालाची उसळ वाढली आणि फोनकडे बोट केलं. "अवो, ह्याच्यात सतरा लागली. एक वीस म्हंजे आता तासाभरानंच की."

"हे बघ गो." हैबतरावांनी घास खाली ठेवला, कारण विषय महत्त्वाचा होता. "थर्ड शिफ्ट अकराला चालू झाली, तवा तारीख सोळा. मग सकाळी सातला गेटच्या भाईर पडेपर्यंत मस्टरला सोळाच. मधे बारा वाजले म्हनून कोनी तारीख बदलत नाय, नायतर एका शिफ्टला दोन हजेऱ्या लागतील. सतराची थर्ड उद्या रातची अकराला लागनार. त्याच्यात एक वीस. काळुरामची गाडी मी उद्या सेकंडला सांगितलीय."

सरूबाईंना ते पटलं नाही. पण एकतीस वर्षं ह्याच हिशेबाने त्यांनी डबा भरला होता, आणि डबा कधी चुकला नव्हता.

एक वाजून वीस मिनिटांनी अख्ख्या रायगड जिल्ह्यात बॅगा भरून, पोट भरून, टक्क जागं असं एकच जोडपं होतं. ते ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होतं.

सव्वादोनला फोन वाजला. नमिता.

"आई? अगं, फोन कसा लागला? मी मेसेज ठेवणार होते, तू उतरलीस की ऐकशील म्हणून. माझ्या मोबाइलमध्ये तर तुमचं विमान अजून समुद्रावर दिसतंय."

सरूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कुठं दिसतंय?"

"समुद्रावर. बरं, ऐक, घाबरू नकोस. माझं बीपी वाढलंय. डॉक्टर म्हणाले वीसपर्यंत थांबायचं नाही, अठराला सकाळी साडेसातला करायचं. मी म्हटलं चालेल, आई पहाटे सव्वाचारला उतरतेय. साईराज तुला तसाच हॉस्पिटलात घेऊन येईल." साईराज म्हणजे तिचा नवरा. "आई? कुत्रं भुंकतंय का तिकडे?"

विमलबाईंचं कुत्रं भुंकत होतं.

"नमे," सरूबाई म्हणाल्या, "आमी घरीच हाव."

 फोनमध्ये नमिताचा श्वास तेवढा ऐकू यायला लागला. सरूबाईंना तो श्वास ओळखीचा होता.

"मी येते," त्या म्हणाल्या. "कशीबी येते."

फोन ठेवून त्यांनी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. विशालला लावला. विशाल झोपेतून उठला, ऐकलं, आणि "काकांना मी सांगत होतो..." म्हणाला.

"त्यांना मागून शिव्या घाल," सरूबाई म्हणाल्या. "आदी शीट बघ."

विशालने अर्धा तास बघितलं. आज रात्री दहा वीसचं एक विमान होतं, मधे अडीच तासांचाच थांबा. पण त्यात एकच सीट शिल्लक होती, आणि ते ह्यूस्टनला उतरणार होतं अठराला सकाळी साडेआठला. म्हणजे नमिताला आत नेल्यावर तासाभराने. दोन सीट हव्या तर थेट एकोणीस तारीख.

"एक काढ. माझी," सरूबाई म्हणाल्या.

"एकटी?" हैबतराव पहिल्यांदाच बोलले. "गो, तू पनवेलच्या पुढं एकटी गेली नाय कदी. भाषा नाय, काय नाय. मी येतो ना, दोघं एकोनीसला..."

"तुमी मस्टर भरा."

"आत्या, मी व्हीलचेअर टाकतो," विशाल फोनवरून म्हणाला. "चालता येतं हे कुणाला कळू देऊ नकोस. गप्प बसून राहायचं, ते लोक बरोबर दुसऱ्या विमानात नेऊन बसवतात."

रोज डोंगराजवळच्या शेतावर डोक्यावर भारा घेऊन जाणाऱ्या सरूबाई अशा रीतीने अपंग होऊन अमेरिकेला निघाल्या. काळुरामच्या गाडीत मुंबईपर्यंत तीन तास त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. हैबतराव मात्र सारखं सांगत होते, विमानात बसल्या बसल्या झोपू नको, तिकडच्या टायमानं झोप, पाणी पी. पेण गेल्यावर काळुरामनेच रेडिओ मोठा केला.

विमानतळाच्या दारात गार्डने तिकीट मागितलं. सरूबाई बॅग घेऊन आत गेल्या. मागोमाग आत पोचवायला म्हणून हैबतरावांनी आपलं आधीचं तिकीट दाखवलं.

"अंकल, ये तो कल रात उड गया."

"कल रात नहीं. सतरा की थर्ड शिफ्ट..." हैबतरावांनी समजवायला घेतलं. अकरा, सात, मस्टर, दोन हजेऱ्या, सगळं. मागे रांग वाढत गेली. मिशी नसल्यामुळे पासपोर्टवरचा फोटो आपलाच आहे, हेही त्यांना मधेच सांगावं लागलं.

गार्ड शांतपणे ऐकून म्हणाला, "अंकल, मेरा भी नाइट ही है. लेकिन प्लेन को हाजिरी नहीं लगती."

काचेपलीकडे सरूबाई व्हीलचेअरवर बसल्या होत्या. ढकलणाऱ्या मुलीने खुर्ची वळवली आणि त्या गेल्या. मागे वळून बघणं खुर्चीत जमत नाही, असं हैबतरावांनी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, अठराला, संध्याकाळी साडेसहाला ते निडीच्या घरी एकटेच बसले होते. विशालने त्यांच्याही फोनमध्ये विमान दिसेल असं करून दिलं होतं. छोटं पिवळं विमान हिरव्या जमिनीवर होतं आणि हलतच नव्हतं. त्यांनी दोनदा काच पुसून बघितली.

फोन वाजला.

"बाबा, आई कुठपर्यंत आली?"

"जमिनीवर आलंय. म्हंजे, आकाशातच हाय, पन खाली जमीन हाय. दोन तासांचं असंल."

"मला आता नेतायत." मागून इंग्रजीत कुणीतरी हसून काही बोललं. "साईराज कपडे बदलायला गेलाय. तो येतोय आत. पण मी म्हटलं थोडं थांबा, तर ते म्हणतात बीपी..."

"नमे, जा तू."

"बाबा, मी म्हटलं होतं ना, पहिल्या आठवड्यात या."

"व्हय."

"तुम्ही ट्रेनिंग करत बसलात."

"व्हय."

"आई विचारत होती तुम्हाला, तारीख लागली म्हणून. ती म्हणाली मला."

"व्हय गो. विचारत व्हती. मी तिला शिकवत बसलो."

बापाच्या तोंडून सलग तीनदा व्हय नमिताने जन्मात ऐकलं नव्हतं. ती रडायला लागली की हसायला, हैबतरावांना कळलं नाही. त्यांना एकदम सुचलं की आता आपण काहीतरी धीराचं बोलायला पाहिजे, आणि तोंड उघडलं तर डोक्यात सगळ्या कंपनीतल्या सूचनाच होत्या. व्हॉल्व बंद कर, मास्क लाव, घाबरू नको, गेज बघ.

"मी फोनवरच हाय," ते म्हणाले. "तू फोन बंद करू नको. ते लोक करतील तवा करतील."

 मिनिटभर दोघं नुसतेच फोन धरून राहिले. मग खरखर झाली आणि फोन बंद झाला.

पावणेआठला साईराजचा मेसेज आला. मुलगी. अडीच किलो. दोघी ठीक. हैबतरावांनी तो विमलबाईंना वाचून दाखवला, काळुरामला दाखवला, विशालला पाठवला, आणि सरूबाईंनाही पाठवला, त्या अजून आकाशात होत्या तरी.

सरूबाईंचा फोन रात्री साडेअकराला आला. तिकडे दुपारचे बारा.

"पोचलीस?" हैबतराव ओरडलेच. "त्रास नाय ना झाला? बाळ कसं हाय?"

"बरी हाय. काचेतून बघितली. नाक तुमचं हाय."

"आनि नमी? तिचा हात धरलास ना तू?"

"धरला," सरूबाई म्हणाल्या. "साडेदहापासनं धरून बसले हाय. झोपेच्या औषधात हाय ती. तिला कळलं नाय."

हैबतरावांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"मी कवा येऊ मग? विशालला सांगू का?"

"नमी जागी झाली की तिला विचारते. तिनं सांगितलं तर या."

तिकडे कुठेतरी यंत्र बारीक आवाज करत होतं. सरूबाईंनी जांभई दाबली, ती सगळ्या समुद्रांवरून निडीला ऐकू आली.

"जेटलॅग तर नाय ना तुला?" हैबतरावांनी विचारलं.

"फोन ठेवा," सरूबाई म्हणाल्या.