इन्शिराहबाईंचा सत्कार

कैरोतले नट आपल्याला टरकून असतात, अशी इन्शिराह हमूदा यांची ठाम समजूत होती. उभी हयात त्यांनी सिनेमांवर लिहिण्यात घालवली, आणि त्यातले बहुतेक सिनेमे त्यांच्या मते पडद्यासकट धोब्याकडे टाकायच्या लायकीचे होते. त्यामुळे निर्मात्यांच्या संघटनेनं सत्कार ठरवला तेव्हा त्या धाकट्या बहिणीला म्हणाल्या, "मी मेले असं वाटलं असेल मेल्यांना."

"जा गं ताई, नखरे करू नकोस," सोहैर म्हणाली.

नाईलकाठच्या हॉटेलात सन्मानचिन्ह द्यायला वगीह सरहान उभा होता. पासष्टी ओलांडलेला नट. केस काळेकुळकुळीत, कातडी इतकी ताणलेली की हसू गालांपर्यंत पोचत नव्हतं. याच्या पहिल्या सिनेमावर बाईंनी लिहिलं होतं, 'हा नायक कपाटासारखा उभा राहतो. पण कपाट उघडलं तर आत निदान काहीतरी सापडतं.' सिनेमाची पानभर जाहिरात हाती होती, म्हणून संपादक फिक्री यांनी ते वाक्य उडवून 'कैरोला राजकुमार मिळाला' असं छापलं होतं, तेही बाईंच्या नावावर. बाईंनी राजीनामा लिहिला, आणि फाडला.

वगीहनं माइक धरला. "या बाईंनी मला राजकुमार म्हटलं. त्या एका शब्दावर मी आयुष्य काढलं!" त्यानं कोरडे डोळे पुसले.

बाईंनी माइक हिसकावला. "ते वाक्य माझं नाही. संपादकानं घुसडलेलं आहे. मी तुला कपाट म्हटलं होतं. रिकामं कपाट. आजही तेच म्हणते."

मग वगीह खो खो हसत सुटला आणि त्याच्यामागोमाग सगळेच. त्यानं बाईंना मिठीच मारली.

"सोड मला! मी गंमत करत नाहीये," बाई त्याच्या खांद्यात तोंड दाबलेलं असताना ओरडल्या. लोक आणखीच हसले.

जेवताना एक निर्माता लाडात येऊन म्हणाला, "मॅडम, आम्हालाही काहीतरी लागेल असं बोला ना!"

"तुमचा सिनेमा बघताना शेजारचा माणूस घोरत होता. मला त्याचा हेवा वाटला."

तो पोट धरून हसला आणि बायकोला हाका मारू लागला, "अगं ये, ऐक, ऐक!" वर त्यानं बाईंना रमजानात महिनाभर रोज दाखवायच्या टीव्ही मालिकेत खाष्ट सासूची भूमिका देऊ केली. बाई ताट तसंच टाकून उठल्या. टॅक्सीत त्यांना हुंदका आला. एकालाही काही लागलं नव्हतं. बहुधा कधीच लागलं नसावं.

आठवड्यानं त्या निर्मात्यानं संहिता पाठवली. बाईंनी पानापानावर लाल शाईनं त्याची अक्कल काढली आणि संहिता परत धाडली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "मॅडम, कमाल केलीत! तुमचे सगळे शेरे सासूच्या तोंडी घातले!"

सासूचं काम दुसऱ्याच नटीनं केलं. रमजानात मालिका तुफान गाजली. इन्शिराहबाईंनी तिच्यावर एक ओळही लिहिली नाही.