जयवंताची तांबी

साहेब, तांबी तुमी बसवली आणि चोर जयवंता ठरली. तुमच्या खात्यात शाबासकी वाटली गेली असेल. इकडं भीमपूरजवळच्या एका घरात तिच्याशी बोलणं बंद झालं.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. पोरगा झाला, वार पडली. जयवंता अजून थरथरतच होती, तेवढ्यात नर्सबाईनं तेलुगूत काहीतरी विचारलं. जयवंतानं होकाराची मान हलवली. तेलुगू मुलखात पडलेल्या आमच्या सीमेवरच्या मराठी गावांची ही जुनी खोड. हापिसात, बसमध्ये, रेशनच्या दुकानात तेलुगूत विचारलं की मान हलवायची. उलट विचारलं की काम लांबतं, वर हसतात ते वेगळंच.

तीन महिन्यांनी पोरगा तापानं गेला. पुढं दोन वर्षं कूस रिकामी. सासू द्वारकाबाईनं आधी नवस केले, मग टोमणे मारले, शेवटी नदीपलीकडं पांढरकवड्याला डॉक्टरीणबाईकडं नेलं. मशीन लावून डॉक्टरीणबाई म्हणाली, "तांबी असताना दिवस कसे जातील?"

"तांबी म्हंजे?" जयवंतानं विचारलं.

"मूल होऊ नये म्हणून पिशवीत बसवतात ती. काढून देऊ का? सोपं काम आहे."

जयवंता हाव म्हणणार, तोच सासूनं तिचा दंड धरून उठवलं. "चाल. आता खुशालच ठरवल."

खुशाल म्हणजे नवरा. त्यानं एकच विचारलं, "काऊन लपवलं?"

"मले ठावं नव्हतं. बाळंतपणातच बसवली असल, दुसऱ्या कोन्या दवाखान्यात मी कधी गेली?"

"सोताच्या पोटात काय हाय ते ठावं नाही? दुसऱ्या कोनाले सांग, मले नको."

द्वारकाबाई चुलीपाशी पुटपुटली, "आमी इकडं देवाले साकडं घालून राह्यलो, अन् ही आतून कडी लावून बसली." आठवड्यात खुशालच्या दुसऱ्या लग्नासाठी नार्नूरकडची एक पोरगी पाहूनही झाली.

शेजारच्या चंद्रभागानं दोन लेकरांनंतर स्वतः सांगून तांबी बसवून घेतली होती. तिचं झकास चाललं होतं. तिनं विचारलं, "तुले नीट समजावलं असतं तं?"

"तं हाव म्हटलं असतं. लेकरू अंगावर पेत होतं, मलेबी इतक्यात दुसरं नको होतं. पन लेकरू गेलं तवा जाऊन काढली असती. दोन वर्सं मी देवाले शिव्या देल्या, चंद्रभागा."

पांढरकवड्याला पैसे लागले असते, म्हणून दोघी त्याच सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथला डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "नवऱ्याला घेऊन ये. घरच्यांची परवानगी लागते."

खुशाल म्हणाला, "म्या बसवली काय? ज्यानं बसवली त्याले विचार."

पुन्हा दवाखाना. पुन्हा तेच. घरात शिरावं तर चोर, दवाखान्यात जावं तर बिननवऱ्याची. आणि पोटात ती तांब्याची तार, जिला स्वतः जयवंतानं कधी पाहिलंही नाही.

तिसऱ्यांदा ती दारातच बसली. पेशंट तिला ओलांडून जाऊ लागले. दुपारी नर्सबाई वैतागून हिंदीत म्हणाली, "चल, निकाल देती. किसी को बोलना मत."

जयवंता उठली. टेबलाला हात लागला आणि थांबली. तांबी गुपचूप निघाली तर घरी काय म्हणतील? चोरून बसवली, चोरून काढली. नार्नूरची पोरगी येईल ती येईलच.

"काढा," ती म्हणाली. "पन माह्या सासूले बलावते. तिच्यासमोर सांगा, हिले आमी इचारलं नव्हतं."

नर्सबाईनं पडदा ओढला आणि निघून गेली. जयवंता पुन्हा दारात येऊन बसली. चंद्रभागा द्वारकाबाईला आणायला गावाकडं निघाली.

साहेब, बसवताना खुशाल लागला नाही, सासू लागली नाही, समजून हाव म्हणणारी जयवंताही लागली नाही. मग काढताना साऱ्या घराची परवानगी काऊन लागते? द्वारकाबाई येऊन राह्यली. तिच्यासमोर सांगा, या बाईला कोणी विचारलं होतं?