धाकटीचा घेवडा

"धाकटीच्या हाताला गुणच नाही," असं थोरलीने इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता ते घरात कुणाला खुपतही नव्हतं. अशी वाक्यं कुणाच्या घरात नसतात? एकदा माणसाला चिकटली की निघता निघत नाहीत.

धाकटा दीर वारल्यावर भाजीच्या मळ्याची वाटणी थोरलीनेच केली होती. विहिरीकडचा तुकडा स्वतःला, बोअरकडचा धाकट्या जावेला. दोन्ही तुकडे दोरी लावून अगदी सारखे मोजलेले. पण इकडे घेवडा मांडवावर चढायचा आणि तिकडे हातभर वाढण्याआधीच त्याच्या पानांच्या कडा करपायच्या. मातीवर पांढरा थर दिसायचा.

"खत कसं टाकावं हेही कळत नाही. नुसतं सांडून ठेवते!"

"ताई, मी खत टाकलंच नाही हो," धाकटी म्हणायची. पण ऐकतो कोण?

एके दिवशी जेवताना थोरलीने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हंगाम संपला की तो तुकडा मी बघेन. हिने शेडमध्ये बसून भाजीच्या जुड्या बांधाव्यात."

धाकटीचा घास हातातच राहिला. नवऱ्यामागे तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

पंगतीला दोघींच्या नवऱ्यांची आत्या होती. समुद्रकाठी जन्मभर भाजी पिकवलेली, जिभेला धार असलेली बाई. ती म्हणाली, "हंगाम संपायची वाट कशाला बघतेस? हिच्या तुकड्यातले दोन वाफे आत्ताच घे. तुझा हात तरी बघू दे मला!"

थोरलीला तेच हवं होतं. तिने हौसेने बी टोकलं. धाकटी चार-सहा दिवसांनी एकदा वाफा पाण्याने तुडुंब भरायची, ती थोरलीला उधळपट्टी वाटे. तिने रोज दुपारी झारीने पानांवरून थोडं थोडं पाणी शिंपडलं. कोंब वर आले तेव्हा ती घरभर मिरवली. मग पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, तपकिरी झाल्या, आणि धाकटीचा घेवडा कसाबसा तग धरून असताना थोरलीचा पार वाळून गेला!

थोरली वाफ्यावर वाकून बघू लागली. मातीवर तोच पांढरा थर होता. आणि खताची गोणी तर तिने उघडलीही नव्हती!

आत्याबाईंनी बोअरचं पाणी पेल्यात भरून तिच्यापुढे धरलं. "पी."

एक घोट घेताच थोरलीने तोंड वाकडं केलं. "शी! हे तर खारट आहे."

"म्हणून तर प्यायचं पाणी मी तुमच्या विहिरीवरून नेते, ताई," धाकटी हळूच म्हणाली. तिच्या त्या खेपांना थोरली आजवर कामचुकारपणा म्हणत आली होती.

"अगं, पाणी उन्हाने उडून जातं, क्षार मागे राहतात," आत्याबाई म्हणाल्या. "तू रोज जरा जरा शिंपडलंस, म्हणजे रोज चिमूटभर मीठच पेरलंस. वर पानंही भाजलीस. ही भरपूर पाणी देते, म्हणून थोडे तरी क्षार मुळांच्या खाली उतरतात. घेवडा, गाजर, कांदा ही नाजूक मंडळी. बीट, पालक मात्र असलं खारं पाणी बरंच सोसतात. पण रोप कोवळं असताना त्यालाही गोडच पाणी हवं."

"मग हिने इतकी वर्षं सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं, ताई. पहिल्याच वर्षी."

थोरलीला आठवलं. 'काम नको असलं की कारणं सुचतात,' असं आपण म्हणालो होतो, तेही आठवलं. तिला स्वतःची फार लाज वाटली.

संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "मी जमीन मोजली, पाणी नाही. हिच्या हातात काही खोट नाही, माझी वाटणीच चुकली. तुकडा हिचाच राहील, आणि विहिरीतलं निम्मं पाणी उद्यापासून हिचं."

धाकटीचे डोळे भरून आले. मग ती हसली. "मी बीट लावणार आहे, ताई. पण जुड्या तुम्ही बांधायच्या हं!"

पुढे बीट चांगलं पोसलं, आणि जुड्या खरंच थोरलीने बांधल्या.

वाचकहो, आपल्या घरात, कचेरीत, शेजारात कुणीतरी 'बिनगुणाचं' ठरलेलं असतंच. त्याच्या हाताला नावं ठेवण्याआधी त्याच्या वाट्याला आपण कोणतं पाणी दिलं, ते एकदा चाखून पाहायला हवं.