घाटावरचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. माणसं मला तोंडाशी धरून बोलतात आणि मी त्यांचा आवाज मोठा करतो. हावड्याच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून नदी ओलांडून मी कोलकात्याच्या एका घाटावर आलो. "बोट सुटतेय, ढकलाढकली करू नका!" तिकीटबाबू बिमानबाबू दिवसभर माझ्यातून ओरडायचे. धुक्यात नावाडी माझ्या आवाजाच्या रोखाने बोट धक्क्याला लावत, तेव्हा उतारू माझं कौतुक करत. पुढे घाटावर विजेचे कर्णे लागले आणि मी तिकिटाच्या खोलीत खिळ्यावर धूळ खात राहिलो.

मित्रांनो, बोटीकडे नेणारा आमचा लोखंडी पूल तेव्हा पार मोडकळीला आला होता. बिमानबाबू वरच्या कार्यालयात सांगून थकले. एका सकाळी पुलाची फळी निसटली आणि फुलं विकणाऱ्या मालतीमासींचा पाय अडकून मोडला. त्यांना उचलायला शकुनताई धावल्या. शकुनताई मराठी, पण जन्मल्या-वाढल्या कोलकात्यातच. पलीकडे हावड्याच्या शाळेत त्या शिकवत. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी ईशा बरोबर होती. तिने त्या फळीचा व्हिडिओ काढून समाजमाध्यमांवर टाकला.

मग काय! संध्याकाळपर्यंत बराकपूरच्या लोकांनी आपल्या घाटाचे गंजलेले कठडे दाखवले. बजबज गावच्या ताग गिरणीतल्या कामगारांनी आपला खचलेला धक्का दाखवला. जो तो इतकी वर्षं एकट्याने चरफडत होता. आता सगळ्यांना एकमेकांचा राग दिसला. तिन्ही गावांत माणसं घाटावर ठाण मांडून बसली, अगदी शांतपणे. मला मोठा अभिमान वाटला.

पण पुढे तोच व्हिडिओ नवा मजकूर लेवून परत आला. 'फळीखालून मूल बुडालं. तिकीटबाबूने लपवलं.' मग एका दुपारी अनोळखी माणसांचा लोंढा घाटावर आला. कर्ण्यांच्या तारा तुटल्या, दगड पडू लागले. बिमानबाबू खोलीचं दार लावून आत बसले.

शकुनताई गर्दीतून वाट काढत निघाल्या.

"आई, तू नको जा ना! ते लोक तुला पण मारेल!" ईशा रडवेली झाली.

"मारेल नाही, मारतील," शकुनताई सवयीने म्हणाल्या. "पण आत माणूस आहे, ईशा. चल."

त्यांनी खिडकी ठोठावली. "बिमानबाबू, भोंगा द्या."

वीज गेली तर हाताशी असावा म्हणून त्या भल्या माणसाने माझे सेल वेळच्या वेळी बदलले होते. शकुनताई बाकावर चढल्या. मी आधी नुसताच खरखरलो, मग त्यांचा आवाज घाटभर घुमला.

"कुणाचं मूल बुडालं? नाव सांगा!"

कुणालाच नाव सांगता येईना. तेवढ्यात एक दगड माझ्या कडेला आदळला. शकुनताईंनी मला खाली घेतलं नाही. ईशाने इस्पितळात मालतीमासींना फोन लावला आणि तो माझ्या तोंडाशी धरला.

"अरे, पाय माझा मोडलाय!" मासी कडाडल्या. "बिमानने मला खांद्यावर घेऊन रस्ता गाठला. त्याच्या अंगाला हात लावाल तर याद राखा! मला पूल हवाय, कुणाचं रक्त नको."

पुढच्या रांगेतल्या एकाने हातातला दगड टाकला. मग दुसऱ्याने. काही शिव्या देत निघून गेले, पण बरेचसे तिथेच आमच्या माणसांत बसले.

ईशाने ही हकीकतही सगळीकडे पाठवली. खोटी बातमी मात्र तिच्याही पुढे धावली होती. काही गावांत ती अजून खरी मानतात. आमची माणसं हटली नाहीत. शेवटी कार्यालयाला नवा पूल बांधावाच लागला.

मित्रांनो, अन्याय दिसला तर गप्प बसू नका. पण हाती आलेली बातमी पुढे धाडण्याआधी खरं काय ते विचारा. रागालाही निगा लागते. ती राखली नाही, तर तो भलत्याच माणसावर कोसळतो.

बजबजचा धक्का अजून खचलेलाच आहे. आज ईशाच्या पिशवीत बसून मी तिकडे निघालोय. कडेला तडा आहे, आवाज जरा फाटका येतो. येईना का! ऐकू तर जातो.