सलूनमधली मास्तरीणबाई

रविवारी सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, आणि त्या गर्दीत स्टुलावर बसून ती पेपर वाचून दाखवायची. वय सात. वडील गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता म्हणायचे, "दुसरीत आहे, पण पेपर कसा खडाखडा वाचते बघा." गिऱ्हाइकं तिला मास्तरीणबाई म्हणायची. कौतुक करायला कुणाच्या खिशाला चाट बसत नाही, त्यामुळे ते भरपूर व्हायचं.

खरी गोष्ट अशी, की पोरीला अक्षर लागत नव्हतं. सकाळी दुकान उघडलं की आरसे पुसण्याआधी वडील पहिलं पान मोठ्यानं वाचून काढायचे, ही त्यांची जुनी सवय. ती केर काढता काढता ऐकायची, आणि कान असे तिखट की एकदा ऐकलेलं पक्कं बसायचं. कुठल्या फोटोखाली कुठली बातमी, एवढं लक्षात ठेवलं की भागायचं. शाळेत मात्र फळ्यावरचं एक अक्षर ओळखेपर्यंत बाकीचा वर्ग पुढच्या ओळीवर गेलेला असायचा. बाईंनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं, आणि तिथे तिला कुणी काही विचारेना. त्याचंच तिला रडू यायचं. तिला वाचायचं होतं हो, अगदी मनापासून.

एका रविवारी खुर्चीतला माणूस म्हणाला, रोजचं पहिलं पान नको, आज आतलं काहीतरी वाच. तिनं पान उलटलं. ते सकाळी कुणी वाचलंच नव्हतं. तिचे कान तापले, आणि मग नवल म्हणजे तिला हलकं वाटलं. आता एकदाचं कळेल, आणि कळलं की बाबा शिकवतील.

"बाबा, मला वाचता येत नाही," ती म्हणाली.

सगळे हसले. वडीलही हसले, लाडात आलीय म्हणाले, आणि पेपर तिच्या हातून काढून घेतला.

दुपारी दुकान रिकामं झाल्यावर त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. रागावले मात्र नाहीत.

"मला ठाऊक आहे गं. बाईंनी मागेच बोलावून सांगितलंय."

"मग शिकवा ना."

त्यांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "चारचौघांत असं बोलायचं नाही. उद्यापासून मी आतलं पानही वाचत जाईन. मग अडायचं कारणच नाही."

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी आतलं पान वाचलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. तिनं मनाशी ठरवलं होतं, आज सगळ्यांसमोर मुद्दाम अडखळायचं. पण पेपर उघडला आणि आरशात बाबांचा चेहरा दिसला, इतका खुशीत, की ती खडाखडा बोलत सुटली. त्यानंतर तिनं कुणालाच शिकवा म्हटलं नाही.