हेलिपॅडखालची टाकी

हेलिकॉप्टर तेच, वैमानिक तोच, वजनही जवळपास तेवढंच. तरी सोमवारी पडद्यावरची रेघ जेमतेम हलली आणि बुधवारी तिनं उड्या मारल्या.

उस्मानपुऱ्यातल्या त्या रुग्णालयाच्या गच्चीवरचं लोखंडी हेलिपॅड जाड स्प्रिंगांवर उभं आहे. हादरे स्प्रिंगांतच जिरावेत, खालच्या मजल्यावर पोचू नयेत, म्हणून. कारण तिथं अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर कंपनं मोजण्याचं मला मिळालेलं हे पहिलं स्वतंत्र काम. शनिवारच्या चाचणीत हादरे मर्यादेबाहेर गेले, तर कक्ष पडेगावच्या जुन्या इमारतीत हलणार होता. मग हेलिकॉप्टरनं आलेलं बाळ पुन्हा ॲम्ब्युलन्समधून खड्ड्यांच्या रस्त्यानं न्यायचं.

कक्षाच्या प्रमुख कालिंदी सिस्टर मला टोमणे मारायच्या. "सोमवारी पास, बुधवारी नापास! माझ्या पोराचं तरी एक ठरलेलं आहे, तो रोज नापास."

मी सेन्सर बदलला, वाऱ्याच्या नोंदी पाहिल्या, प्रत्येक स्प्रिंग तपासली. सगळं बरोबर होतं, त्यामुळे मी जास्तच गोंधळले. शेवटी गुरुवारी इमारतीची देखभाल बघणाऱ्या नानासाहेबांना घेऊन हेलिपॅडच्या खाली वाकून शिरले. तिथं नकाशात नसलेली एक मोठी काळी टाकी होती.

"ही कधीची?"

"उन्हाळ्यातली. नळाचा काय भरवसा, मॅडम? आला की भरून ठेवायची. उघड्यावर ठेवली तर हेलिकॉप्टरच्या वाऱ्यानं झाकण उडतंय. इथं सावली बी हाय."

टाकीच्या एका बाजूला गच्चीचा कठडा, दुसऱ्या बाजूला हेलिपॅडची तुळई. टाकी आणि तुळईच्या मधून माझा हात सहज गेला. पण तुळईच्या उंचीवर टाकीचं प्लास्टिक घासून चकचकीत झालं होतं. न टेकता घासलं कसं? मला कळेना.

शनिवारी सकाळी परत वर गेले, तर त्याच जागी हात जाईना.

"नानासाहेब, नळ आला होता?"

"व्हय, पहाटेच. गच्च भरली."

भरलेली टाकी फुगून एकीकडे तुळईला, दुसरीकडे कठड्याला भिडली होती. स्प्रिंगांना वळसा घालून हादरे टाकीतून थेट इमारतीत उतरत होते. बुधवारीही नळ आला होता; गुरुवारपर्यंत पाणी वापरलं गेलं आणि टाकी आकसली होती.

"टाकी रिकामी करून हलवायची. आत्ता."

"पाणी काय गटारात सोडू? लई पाप लागंल, मॅडम. या गावात भरली टाकी कोणी सांडत नाय."

सिस्टरांनी कक्षाबाहेर नुसती हाक दिली. बाळांचे नातेवाईक बादल्या, कळश्या, जार, हाताला येईल ते घेऊन जिन्यात उभे राहिले. वच्छलाबाई नातीसाठी वैजापूरहून आल्या होत्या. भरली घागर कमरेवर घेत म्हणाल्या, "आता हेलिकॉप्टरनं पाणी बी येतंय व्हय?"

रिकामी टाकी पलीकडच्या मोकळ्या कोपऱ्यात सरकवली आणि हेलिकॉप्टर उतरलं. खाली कक्षात वरची घरघर ऐकू येत होती, पडद्यावरची रेघ मात्र जागची हलेना. मी घाबरून सेन्सरजवळ फरशीवर बोटानं टकटक केलं. रेघ टुणकन उडाली. म्हणजे यंत्र चालू होतं.

"पास ना?" सिस्टरांनी विचारलं.

"पास. पण माझ्या हिशेबानं टाकी काढल्यावर हादरे सोमवारइतके तरी यायला हवेत. हे तर जवळजवळ नाहीसेच झालेत."

"मग वाईट काय झालं?"

"मला समजलेलं नाही, हे वाईट झालं."

"अहो, तुम्हाला समजेपर्यंत बाळं पडेगावला पोचतील!"

दारात डॉक्टर मधुसूदन उभे होते. कक्षाचा निर्णय त्यांचा. मी अहवालावर सही केली, पण वर लिहिलं: हादरे मर्यादेच्या आत आहेत. हेलिपॅडखालच्या जागेत काहीही ठेवू नये. हादरे इतके कमी का झाले, याचं पूर्ण कारण सापडलेलं नाही. आणखी मोजमाप हवं.

डॉक्टरांनी वाचलं. "कारण न समजता बरे झालेले पेशंट आम्ही रोज घरी पाठवतो," ते म्हणाले. "कक्ष इथंच राहील. तुम्ही या मोजायला, पुढच्या वेळी नळ येईल त्या दिवशी."

"तो कधी येईल?"

नानासाहेब हसले. "ते तुमच्या यंत्रालाच इचारा."